ऑनलाइन विज्ञानवर्गात विद्यार्थ्यांनी एकमेकांना कसे शिकवावे

साप्ताहिक स्वाध्यायाची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात काय चालते, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी पाहावे. "चौथ्याचं काय आलं?" असा प्रश्न येतो, "ब" असे उत्तर येते, पाठोपाठ सात-आठ अंगठे उमटतात आणि विषय संपतो. विद्यार्थी याला एकमेकांना मदत करणे म्हणतात. मदत होते हे खरे, परंतु शिकणे होत नाही, कारण 'ब' का आणि 'क' का नाही, हे कोणी विचारलेले नसते आणि ज्याने उत्तर टाकले त्यालाही कारण सांगावे लागलेले नसते.

मी मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून दोनदा ऑनलाइन वर्ग घेतो. त्या वर्गांत जे जमले आणि जे फसले त्यावरून हे मार्गदर्शन लिहीत आहे. ते शिक्षकांसाठी आहे, तसेच स्वयम् किंवा एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणमंचांवरचा एखादा अभ्यासक्रम चार मित्रांनी मिळून पूर्ण करायचे ठरवले असेल, तर त्यांच्यासाठीही आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवलेले असेल आणि त्या उत्तराचे कारण दुसऱ्यासमोर मांडणे त्याला भाग पडत असेल, तरच विद्यार्थी एकमेकांना शिकवतात. बाकीची सारी व्यवस्था या दोन अटी पाळल्या जाव्यात म्हणून करायची असते.

ही पद्धत नवी नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी तिला शिस्तशीर रूप दिले. सूत्रांची गणिते सहज सोडवणारे आपले विद्यार्थी न्यूटनच्या नियमांवरील साध्या, आकडे नसलेल्या प्रश्नांत अडखळतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. व्याख्यान मधेच थांबवून एक प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे, असा त्यांचा क्रम होता. यावर साहजिक शंका येते की, दोघांनाही काही येत नसेल तर ते एकमेकांना काय शिकवणार? अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गात याचीच परीक्षा घेण्यात आली आणि २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांनी एकट्याने सोडवला, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर ठाऊक नव्हते, त्यांतही ही सुधारणा आढळली. म्हणजे हुशार मुलाने बाकीच्यांना उत्तर सांगितले एवढेच तिथे घडत नव्हते. कारणांची उलटतपासणी करता करता ते उत्तरापर्यंत पोहोचत होते.

प्रश्न निवडणे

सर्वांत अधिक वेळ इथे द्यावा. माझ्या एका तासाच्या वर्गासाठी दोनच प्रश्न असतात, पण ते घडवायला कधी कधी एक अख्खी संध्याकाळ जाते. ज्याचे उत्तर पुस्तकात किंवा गूगलवर एका ओळीत सापडते, असा प्रश्न उपयोगाचा नाही. 'ओहमचा नियम सांगा' यावर वाद होऊ शकत नाही. प्रश्न असा हवा की, रोजच्या अनुभवाने एक उत्तर सुचावे आणि विज्ञानाने दुसरे. चुकीचे पर्यायही मनाने रचू नयेत. विद्यार्थी ज्या चुका खरोखर करतात, त्याच पर्याय म्हणून ठेवाव्यात.

मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी मला लोकल गाडी फार उपयोगी पडते. गाडीने ब्रेक लावला की वरच्या लोंबत्या कड्या पुढच्या दिशेने झुकतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. मग विचारावे की, दारे बंद असलेल्या वातानुकूलित लोकलमध्ये एका मुलाच्या हातात हेलियमचा फुगा आहे, ब्रेक लागल्यावर तो फुगा कोणत्या दिशेने झुकेल? बहुतेक जण 'पुढे' म्हणतात. प्रत्यक्षात तो मागे झुकतो, कारण डब्यातली हवा पुढच्या बाजूला किंचित दाटते आणि तिच्याहून हलका असलेला फुगा मागे ढकलला जातो. जीवशास्त्रासाठी रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाचे उदाहरण घ्यावे आणि एवढ्या टनावारी लाकडाचे वस्तुमान मुख्यतः कुठून आले, असे विचारावे. 'मातीतून' हे उत्तर पदवीच्या वर्गातही येते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आणि पाण्याने एवढे झाड उभे राहते, हे प्रकाशसंश्लेषणाचे सूत्र पाठ असूनही मनाला पटलेले नसते.

प्रश्न नेमका अवघड किती असावा, याला मॅझुर यांच्या पद्धतीत एक व्यवहारी माप आहे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर आले, तर चर्चा फळते. त्याहून कमी असेल, तर त्यांना लागणारी पूर्वतयारीच झालेली नाही असे समजून शिक्षकाने आधी ती संकल्पना पुन्हा समजावावी. त्याहून जास्त असेल, तर चर्चेत वेळ न दवडता दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जावे.

वर्गातला क्रम

प्रश्न पडद्यावर दाखवल्यावर दोन मिनिटे पूर्ण शांतता असावी. या वेळात प्रत्येकाने मतदानाच्या सोयीतून किंवा गूगल फॉर्ममधून पर्याय निवडावा आणि त्याखाली कारणाचे एक वाक्य लिहावे. कारणाची ही ओळ अनिवार्य ठेवावी. ती नसेल, तर चर्चेत कोणीही 'मलाही तेच वाटत होते' म्हणून सुटू शकतो. चॅटमध्ये उत्तरे मागवू नयेत, कारण पहिल्याने 'क' लिहिले की पुढचे वीस जण 'क' लिहितात. फॉर्मच्या मांडणीत इतरांच्या उत्तरांचा सारांश विद्यार्थ्यांना दिसण्याची सोय बंद करावी. पहिल्या फेरीचा निकालही चर्चेआधी दाखवू नये. बहुमत दिसले की मुले कारणे शोधायचे सोडून बहुमताच्या बाजूला जातात, आणि बहुमत चुकीचे असेल, तर बरोबर उत्तर देणारी बुजरी मुलगी आपले उत्तर मुकाट्याने बदलते.

त्यानंतर तिघातिघांचे गट ऑनलाइन बैठकीतल्या स्वतंत्र कक्षांत (ब्रेकआउट रूममध्ये) पाठवावेत. दोघांच्या गटात एकाचे नेटवर्क गेले की दुसरा एकटा पडतो आणि पाचांच्या गटात दोघे हमखास गप्प बसतात, म्हणून ऑनलाइन वर्गासाठी मला तीन हीच संख्या सोयीची वाटते. शक्य असेल, तर पहिल्या फेरीत वेगवेगळी उत्तरे दिलेले विद्यार्थी एका गटात ठेवावेत. झूमच्या मोफत खात्यात सामूहिक बैठक ४० मिनिटांत संपते, तेव्हा त्या हिशेबाने चर्चेला सहा-सात मिनिटे पुरतात. कक्षात जाण्यापूर्वी त्यांना एकच काम सांगावे. 'उत्तर ठरवा' असे म्हणू नये, तर 'प्रत्येकाने आपले कारण सांगायचे आणि परत आल्यावर शेजाऱ्याचे कारण मला सांगायचे' असे म्हणावे. दुसऱ्याचे कारण सांगायचे आहे म्हटल्यावर ते ऐकावेच लागते.

मग दुसरी फेरी, पुन्हा एकट्याने, आणि तिच्यानंतरच शिक्षकाचा खुलासा. हा खुलासा टाळून चालत नाही. 'मुलांनी आपसात समजून घेतले' या समाधानात वर्ग संपवला, तर एखाद्या गटाने मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे शिकून घेतलेले असते. बरोबर उत्तराबरोबरच प्रत्येक चुकीचा पर्याय का मोहात पाडतो, हेही त्यात सांगावे.

एका संध्याकाळचा प्रसंग सांगतो. प्रश्न होता, 'आधण उकळताना पाण्यात जे बुडबुडे येतात, त्यांत काय असते?' पर्याय होते हवा, पाण्याची वाफ, हायड्रोजन व ऑक्सिजन, आणि निर्वात पोकळी. मी माइक बंद करून एका कक्षात जाऊन बसलो. तिथे ठाण्याची एक मुलगी, कुर्ल्याचा एक मुलगा आणि वसईचा एक मुलगा होता.

"हवाच असणार," मुलगी म्हणाली. "पाण्यात हवा विरघळलेली असतेच ना? नाहीतर मासे कसे जगतील?"

"अगं, पण हवा असती तर संपली असती," कुर्ल्याचा मुलगा म्हणाला. "पातेलं कोरडं होईपर्यंत बुडबुडे येतातच की. एवढी हवा कुठून येणार?"

वसईचा मुलगा हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या बाजूचा होता, पण तो वाद घालण्याऐवजी उठला. "थांबा रे, आई चहाच ठेवतेय." पडद्यावर आधी छत दिसले, मग ओटा, मग पातेले. "अरे, फोन पडेल आत!" असा आवाज आला आणि पुढच्या क्षणी सगळे चित्र पांढरे धूसर झाले. भिंगावर वाफ बसली होती. तिघेही हसले. मग मुलगी सावकाश म्हणाली, "हे काचेवर बसलं ते पाणीच आहे ना? म्हणजे जे वर आलं ते पाणीच होतं." वसईच्या मुलाने फोन शर्टाला पुसला आणि स्वतःच कबूल केले की, हायड्रोजन बाहेर पडत असता, तर शेगडीच्या ज्योतीजवळ आई इतकी निवांत उभी राहू शकली नसती.

या सहा मिनिटांत बोलण्याचा मोह मला किमान चार वेळा झाला. प्रत्येक वेळी मी बोललो असतो, तर चर्चा तिथेच संपून माझे व्याख्यान सुरू झाले असते.

परंतु गोष्ट इथे संपली नाही. परत आल्यावर त्या मुलीने विचारले की, पाणी नीट तापलेलेही नसताना पातेल्याच्या कडेला जे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, ते कशाचे? ते खरोखरच विरघळलेल्या हवेचे असतात. तापत्या पाण्यात हवेची विद्राव्यता कमी होते आणि ती बाहेर पडते. त्यानंतर तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होऊ लागतात, ते वरच्या थंड पाण्यात शिरताच विरतात आणि आधणाचा तो ओळखीचा 'सूं' आवाज येतो. पाणी सर्वत्र पुरेसे तापले की मगच ते पृष्ठभागापर्यंत पोहोचतात आणि खळखळ सुरू होते. म्हणजे तिचे उत्तर अर्धे बरोबर होते आणि माझा प्रश्न अर्धा ढिला होता. आता मी तो 'खळखळून उकळणाऱ्या पाण्यातील मोठे बुडबुडे' असा विचारतो.

वेळ जुळत नसेल तेव्हा

मुंबईत सगळ्यांनी एकाच वेळी संगणकासमोर बसावे, ही अपेक्षाच मुळात श्रीमंती थाटाची आहे. संध्याकाळी सात वाजता निम्मा वर्ग लोकलमध्ये असतो आणि मधेच आवाज तुटतो. उरलेल्यांपैकी अनेकांच्या घरी एकच खोली असते. त्यांच्याकडे ऐकायला हेडफोन असतो, पण बोलायला कोपरा नसतो. अशा विद्यार्थ्याला 'कॅमेरा सुरू कर, बोल' असे दटावू नये. कक्षातल्या चर्चेत लिहून भाग घेण्याची मुभा पहिल्या दिवशीच जाहीर करावी.

ज्यांना वेळच जुळवता येत नाही, त्यांच्यासाठी तोच क्रम चार दिवसांवर पसरवावा. सोमवारी प्रश्न द्यावा आणि मंगळवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने उत्तर व कारण लिहावे. बुधवारी दोन सहाध्यायींच्या कारणांना प्रतिसाद द्यावा आणि गुरुवारी अंतिम उत्तर नोंदवावे. महाविद्यालय मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली वापरत असेल, तर त्यात 'प्रश्नोत्तर' प्रकारची चर्चा निवडता येते. तिच्यात स्वतःचे उत्तर टाकल्याखेरीज दुसऱ्यांची उत्तरे दिसत नाहीत, म्हणजे आपली पहिली अट यंत्रच पाळून घेते. मूडल नसेल, तर गटातल्या एकाने टपालवाल्याचे काम करावे. सर्वांनी आपले कारण त्याला खाजगीत पाठवावे आणि सगळी आल्यावर त्याने ती एकदम गटात टाकावीत. तीस-चाळीस सेकंदांचे ध्वनिसंदेश यासाठी उत्तम, कारण ते गर्दीच्या डब्यात उभ्या उभ्या ऐकता येतात. 'छान', 'सहमत' हे प्रतिसाद म्हणून मोजू नयेत. प्रतिसादात एक तर प्रश्न असावा, नाही तर 'हे कारण अमुक परिस्थितीत टिकणार नाही' असे उदाहरण असावे.

भाषा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीत विज्ञानासाठी इंग्रजीत येतो आणि वर्गात बोलेनासा होतो. सहाध्यायींच्या कक्षात तो पुन्हा बोलू लागतो, हा या पद्धतीचा मला दिसलेला सर्वांत मोठा लाभ आहे. म्हणून चर्चेची भाषा मुलांवर सोपवावी. पारिभाषिक शब्द परीक्षेत ज्या भाषेत लिहायचे त्याच भाषेत वापरावेत, परंतु 'कारण', 'म्हणून', 'तरीसुद्धा' हे जोडणारे शब्द त्यांच्या तोंडी येतील तसे येऊ द्यावेत. विचार त्या जोडशब्दांतूनच पुढे सरकतो.

मात्र एका ठिकाणी डोळ्यात तेल घालून बसावे लागते. बोलीत बल, शक्ती, जोर आणि ताकद हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात, पण भौतिकशास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात आणि शक्ती वॉटमध्ये. भाजीवाला किलोत सांगतो ते वजन पुस्तकात वस्तुमान असते. उष्णता आणि तापमान यांचा घोळ तर घराघरात आहे. दोन विद्यार्थी तावातावाने भांडत असतील, तर अनेकदा ते एकच गोष्ट दोन शब्दांत म्हणत असतात. उलट, झटपट एकमत झाले असेल, तर एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन झालेले असण्याची शक्यता असते. 'तुझ्या मते शक्तीचे एकक काय?' एवढा प्रश्न एकमेकांना विचारायची सवय त्यांना लावावी.

प्रयोगाच्या नोंदी एकमेकांनी तपासणे

घरच्या घरी करायच्या प्रयोगांत सहाध्यायीची नजर शिक्षकापेक्षा उपयोगी ठरते, कारण तीच चूक त्याने नुकतीच केलेली असते. दोरीला कुलूप बांधून केलेला साधा लंबक घ्या. लांबी एक मीटर असेल, तर २० आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात आणि मुंबईत गुरुत्वत्वरण सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवे. कोणाचे उत्तर १०.८५ च्या आसपास आले, तर त्याने बहुधा कुलूप सोडतानाच 'एक' म्हटले आहे आणि वीस समजून एकोणीसच आंदोलने मोजली आहेत. मोजणी 'शून्य'पासून सुरू करायची असते. उत्तर ९.४ आले, तर दोरीची लांबी गाठीपर्यंतच मोजून कुलपाच्या मध्यापर्यंतचे चार सेंटिमीटर सोडून दिलेले असण्याचा संभव आहे. तपासणाऱ्याने 'उत्तर चूक' असे न लिहिता 'लांबी कुठपासून कुठपर्यंत मोजलीस?' असे विचारावे.

मूडलमधील 'कार्यशाळा' या सोयीत मूळ कामाला ८० आणि इतरांचे काम तपासण्याला २० असे गुण आरंभी ठरवलेले असतात आणि ते बदलता येतात. तपासणीला काही गुण असावेत हे मला मान्य आहे, पण सहाध्यायीने दिलेल्या गुणांवर कोणाचा निकाल अवलंबून ठेवू नये. मैत्री आणि वैर दोन्ही गुणांत उतरतात. त्याचप्रमाणे चर्चेच्या प्रश्नांत बरोबर उत्तराला गुण देऊ नयेत, ते आपल्या उत्तराचे कारण लिहिल्याबद्दल द्यावेत. उत्तराला गुण लावले की पहिल्या परिच्छेदातला व्हॉट्सॲप गट पुन्हा जिवंत होतो.

नेहमी तोच विद्यार्थी शिकवतो आणि बाकीचे ऐकतात, असे होऊ लागले तर गट दर तीन आठवड्यांनी बदलावेत आणि हुशार मुलाला काही काळ फक्त प्रश्न विचारण्याचे काम द्यावे. त्याला ते आरंभी जड जाते.

प्रत्येक सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी लिहिलेली कारणे, विशेषतः चुकलेली, नावे काढून एका तक्त्यात जपून ठेवावीत. माझ्याकडच्या तक्त्यात एक ओळ आहे, 'त्यात हवा असते, कारण हवा पाण्याहून हलकी म्हणून ती वर येते.' हे वाक्य मला स्वतःहून कधीच सुचले नसते. यंदाच्या आधणाच्या प्रश्नात पर्याय 'अ' तोच आहे, शब्दही न बदलता.